पाण्याकडचं घर

नाही नाही, बसा की, बसा — बाक काही माझ्या माहेरहून आलेला नाही, आणि ती पिशवी माझी, ती मी इकडे घेते — हं. तो एजंट ना? येईल तो. उशिरा येईल, हाशहुश करत येईल आणि म्हणेल ट्रॅफिक. इथे कसलं आलंय ट्रॅफिक? तुम्हीच बघा, रस्त्यावर मांजर नाही. मी आपली रोज या वेळेला इथे बसते, गुडघ्यांसाठी — म्हणजे चालते गुडघ्यांसाठी आणि मग बसते तीही गुडघ्यांसाठीच — त्यामुळे त्याचे सगळे बहाणे मला पाठ झालेत. सातव्या मजल्यावरचं ना? कोपऱ्यातलं, पाण्याकडचं? अहो, कळायला काय लागतं, या इमारतीत विकायला तेवढं एकच आहे, आणि तुम्ही मघापासून मान वर करून तिकडेच बघताय. छान आहे. हो, छानच आहे की. मी कशाला वाईट म्हणू? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

फक्त ओल तेवढी विचारा. पाण्याच्या बाजूची भिंत — आत्ताच रंग दिलाय तिला, का दिला असेल? घर विकायला काढल्यावर कुणी हौसेनं रंग देतं का? कपाट सरकवून दाखवा म्हणावं, नाही सरकवलं तर समजायचं काय ते. आणि वास. आत्ता नाही येणार, आत्ता पाणी भरलेलं आहे, पण ओहोटी लागू दे, हा सगळा चिखल उघडा पडतो — असा वास की खिडकी लावून बसावं लागतं, आणि खिडकीच लावायची तर पाण्याकडचं घर घ्यायचं कशाला? आणि ते जाहिरातीत लिहिलंय ना, शांत परिसर. शांत! ताई, मी इथे गोदी होती तेव्हापासून राहतेय. पहाटे भोंगा व्हायचा, दिवसभर पत्र्यावर हातोडे, नळावर आम्हा बायकांची भांडणं — कानठळ्या बसायच्या, पण घरात काय चाललंय ते शेजाऱ्याला ऐकू जात नव्हतं. आता गोदाम पाडून कॉफीचं दुकान केलं, क्रेनला पिवळा रंग देऊन शोभेला उभी केली, आणि हा बोर्ड लावला — मोठ्यानं बोलू नये, पक्ष्यांना दाणे घालू नयेत, बाकावर आडवं होऊ नये. वरच्या मजल्यावर चमचा पडला तरी आपण दचकतो. कुणाशी भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. माणसानं मनातल्या मनात किती भांडायचं? त्यालाही काही मर्यादा असते.

तुम्ही लिहून घेताय की काय? नाही, घ्या, घ्या. बरेच जण घेतात. तुमच्या आधी एक जोडपं आलं होतं, नवीन लग्न झालेलं, ती मुलगी या इथेच बसली होती — तिला मी नुसतं ओलीचं सांगितलं, तर तिचा नवराच म्हणाला, चल, वर जायलाच नको. मग ते एक चकचकीत बुटांचे गृहस्थ, त्यांना सांगितलं की एका वर्षी पाणी पार जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं — आता ते जुन्या चाळीच्या जिन्याच्या, पण त्यांनी कुठे विचारलं कुठल्या जिन्याच्या? एक शिक्षिका आल्या होत्या, त्या मात्र चिवट. ओलीला ऐकेनात, वासाला ऐकेनात. त्यांना शेवटी मला सांगावं लागलं की — बरं, तुम्हालाही सांगून टाकते, मागाहून कळण्यापेक्षा बरं. त्या घरात माणूस गेलंय. म्हातारे गृहस्थ. तसं काय, माणसं सगळ्याच घरांत जातात, पण हे फार वाईट गेले. खिडकी, खिडकी करत गेले. शेवटी माझ्या हातून दोन चमचे पाणी प्यायले, आणि खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, अगं, ही बाजूला करा ना कुणीतरी —

काय?

हो, पाण्याकडचं घर म्हटलं मी. आणि भिंतही म्हटलं. हो.

तुमचं लक्ष आहे म्हणजे. त्या शिक्षिकेच्या नव्हतं आलं लक्षात.

बरं, नाही गेले ते त्या घरात. आमच्या घरात गेले. मागच्या अंगाला, दुसरा मजला, समोर पार्किंगमध्ये गाड्या चढायच्या उताराची भिंत आहे तिथे. जायला हवे होते त्या घरात. आता तुम्ही उठून जाणार असाल तर जा, मी अडवत नाही, पण अर्धवट ऐकून गेलात तर मला खोटारडी समजाल, आणि ते मला चालायचं नाही. मी कोण? सांगते. ते घर विकतेय ना, त्या वरच्या बाईची मी जाऊ. थोरली. ती धाकटी. ते गेलेले आमचे सासरे, मामंजी. झालं? ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून बसते मी इथे, आणि आज तुम्ही एवढ्याशा प्रश्नानं माझ्याकडून सगळं काढून घेतलंत.

आमची इथे चाळ होती, अगदी काठावर. मामंजी टगवर होते — ती छोटी बोट असते ना, मोठ्या जहाजाला दोरानं ओढून धक्क्याला आणते, ती. निवृत्त झाल्यावर खिडकीत खुर्ची टाकून बसायचे, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. बोलायचे नाहीत फार. पाणी बघायचे. मग चाळ पाडायची ठरली, या इमारती होणार, आमच्या दोन खोल्यांच्या बदल्यात दोघा भावांना एकेक घर. कुठलं कुणाला ते चिठ्ठ्या टाकून. आमच्या घरातली चिठ्ठी मी उचलली — माझ्याच हातानं — आणि सातव्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं निघालं. माझं! धाकटीला मागचं, भिंतीकडचं. त्या दिवशी मी काय सांगू तुम्हाला, चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले. जन्मात मला काही लागलं नव्हतं कधी.

आणि मग ती आली माझ्याकडे, धाकटी. साखरेहून गोड. ताई, म्हणाली, तुमची कंबर दुखते, तुम्ही मामंजींचं किती केलंत, आता आम्ही करू. आम्ही त्यांना आमच्याकडे ठेवतो. फक्त त्यांना पाण्याशिवाय करमायचं नाही हो — तर पाण्याकडचं घर आम्ही घेऊ, मागचं तुम्ही घ्या. मामंजी जिथे, पाणी तिथे. हे तिचे शब्द, माझे नाहीत. आणि मी हो म्हटलं. का म्हटलं विचारा. कारण मला खरंच वाटलं, म्हातारा माणूस सुखात राहील. आणि घर म्हाताऱ्या माणसाबरोबर जातं, ही आमच्यातली साधी गोष्ट होती, ती काय कुणी लिहून घेतं? घरातल्या घरात कसला आलाय करार? जो सांभाळेल त्याचं पाणी. किल्ल्या देताना बिल्डरच्या साहेबानं विचारलं, कुठलं कुणाच्या नावावर, आणि आमच्या यांनी छाती पुढे काढून सांगितलं, धाकट्याला पाण्याकडचं. दानशूर! वर सही ठोकून मोकळे.

तर मामंजी वर गेले. आणि धाकटीनं सोफा आणला. ताई, मी त्या सोफ्याचा असा राग राग करते, माणसाचा करणार नाही. पांढरा. फिका पांढरा, बसलं की डाग पडेल असा. आणि पाण्यावरून ऊन येतं ना दुपारचं, त्यानं तो पिवळा पडेल म्हणून तिनं पडदे लावले. जाड. दिवसभर बंद. तुम्ही आत्ता वर बघा — बघा ना — आहेत की नाही बंद? गिऱ्हाईक यायचंय तरी उघडले नाहीत अजून. पाण्याकडचं घर, आणि पडदे बंद! मामंजी उठून पडदा बाजूला करायचे, ही मागून लावायची. ते खुर्ची ओढत खिडकीशी न्यायचे, फरशीवर ओरखडे पडायचे, म्हणून हिनं खुर्ची मागच्या बाजूच्या गॅलरीत टाकली. ते रात्री खोकायचे, म्हणून हिची झोपमोड व्हायची. आणि एके दिवशी दुपारी आमचे भावजी दारात उभे — एका हातात मामंजींची बॅग, दुसऱ्या हातात मामंजी. म्हणाले, वहिनी, चार दिवस ठेवून घ्या, तिच्या माहेरची मंडळी येतायत.

ते चार दिवस संपलेच नाहीत. माहेरची मंडळी आली, गेली, परत आली, परत गेली. मी काय करणार होते? बाहेर उभं करणार होते त्यांना? मी त्यांची खाट खिडकीशी लावली, पण खिडकीतून दिसायची भिंत. ते भिंतीकडे बघत बसायचे, अगदी पाण्याकडे बघावं तसे. सुरुवातीला मी त्यांना धरून खाली आणायची, या बाकावर. मग पाय गेले त्यांचे. मग रोज सकाळी डोळे उघडले की विचारायचे, भरती की ओहोटी? मला काय ठाऊक? मी पायात चपला सरकवून खाली यायची, पाणी बघायची, वर जाऊन सांगायची — भरती आहे मामंजी, पायरीला लागलंय. मग ते चहा प्यायचे. त्याशिवाय कप तोंडाला लावायचे नाहीत. आणि दर वेळी इथे उभी राहून मी वर बघायची तर ते पडदे. बंद. अहो, मी रडले नाही कधी. माझ्या अंगाचा नुसता जाळ व्हायचा. हाताशी दगड असता ना, तर सातव्या मजल्यापर्यंत पोचला असता.

ते गेल्यावर, सगळं पार पडल्यावर, मी वर गेले. भांडायला नाही गेले, देवाशपथ. म्हटलं, धाकटे, आपलं काय ठरलं होतं? मामंजी जिथे, पाणी तिथे. ते माझ्याकडे होते, माझ्याकडे गेले. तर ती त्या सोफ्यावर बसून, मांडीवर उशी घेऊन, मला म्हणते कशी — अहो ताई, आता मामंजीच नाहीत तर पाणी कुणाला बघायचंय? आणि हसली. हसली म्हणजे मोठ्यानं नाही, तेवढं तिला कळतं. केसानं गळा कापणारी बाई. मी घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, जाऊ दे ना, घरातलीच गोष्ट आहे. घरातलीच! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत वर गेले भावाकडे मॅच बघायला. त्या सोफ्यावर बसून.

तेव्हा मी ठरवलं. बोलायचं नाही, भांडायचं नाही, वाट बघायची. आणि बघा, आली वेळ. तिच्या मुलाला दूर चांगली नोकरी लागली, त्यानं आईबापाला बोलावलं, आणि हिनं घर विकायला काढलं. माझं घर. माझ्या हातानं उचललेली चिठ्ठी. ते विकून तिथे जाऊन ही राणीसारखी राहणार, आणि मी भिंत बघणार? विक म्हटलं. विक ना. बघते कोण घेतंय. म्हणून मी इथे बसते ताई, गुडघे बिडघे काही नाही, गुडघे माझे ठणठणीत आहेत. तो एजंट वेड्यासारखा झालाय, त्याला कळतच नाही, माणसं खालूनच परत कशी जातात. किंमत उतरवली, परत उतरवली. हे सांगत होते, वर सगळी बांधाबांध झालीय, धाकटी खोक्यावर बसून चहा पिते, मुलगा फोन करकरून विचारतोय, आई, कधी येतेस? त्या दिवशी मी इतकी पोटभर जेवले म्हणून सांगू. आणि ती मला जिन्यात भेटली ना, तर डोळे खाली. तिला संशय आहे. असू दे. मला पाहिजेच आहे तिला संशय. मला तिच्या तोंडून एकदा ऐकायचंय, ताई, चुकलं. बास. एवढंच म्हण आणि ने तुझे पैसे. नाही म्हणत. आणि एकदा ती गेली की मग कोण म्हणणार? यांना आठवत नाही, भावजींना आठवायचं नाही. मग ही गोष्ट फक्त माझ्या डोक्यात राहील, आणि मी एकटी इथे बसून — जाऊ दे.

तुम्ही सारख्या मागे काय बघताय मघापासून? ती गाडी तुमची का, झाडाखालची? मिस्टर बसलेत वाटतं. त्यांनाही बोलवा की, कशाला बिचारे — अगं बाई. हे मिस्टर नाहीत.

वडील तुमचे?

काच खाली करून बसलेत. आणि बघतायत बघा कसे. इकडे तिकडे नाही, तुमच्याकडेसुद्धा नाही — पाण्याकडे. त्यांच्यासाठी घेताय का घर? आणि आई? — हं. भाऊ आहेत की नाही तुम्हाला? दोन. मग ते? — नको, नका सांगू. कळलं मला. एकही शब्द सांगू नका, तो माझा विषय आहे, मला सगळा येतो.

थांबा. जरा थांबा, मला विचार करू दे.

ओल नाही त्या घराला. कोरडं ठणठणीत आहे. कपाट बिपाट काही सरकवायला लावू नका, उगाच वेळ जाईल. वास येतो, पण ओहोटीलाच, आणि म्हाताऱ्या माणसांना तो वास वाईट वाटत नाही — आमच्या मामंजींना तर त्यानंच जाग यायची, चाळीत असताना. पाणी जिन्यावर बिन्यावर येत नाही. ते पुसून टाका सगळं, काय लिहिलंय ते. घर चांगलं आहे. खिडकी अशी आहे ना, खुर्ची टाकून बसलं की थेट धक्क्याच्या टोकापर्यंत दिसतं, मी पाहिलंय, एकदाच पाहिलंय, किल्ल्या मिळायच्या आधी. घ्या तुम्ही. तुम्हीच घ्या, दुसरं कुणी नको.

पण फुकटचं भलं करायला मी काही संत नाही. ऐका. एक तर घासून घ्या. एजंट जी किंमत सांगेल तिला सरळ नाही म्हणून मान हलवा, चांगली दोनदा हलवा. धाकटीला थांबायला वेळ नाही, खोकी बांधून बसलीय ती, आणि दुसरं गिऱ्हाईक नाही — नाही म्हणजे मी ठेवलेलंच नाही. सोफा देऊ करेल, तो घेऊ नका. आणि दुसरं, हे महत्त्वाचं. सगळं बघून झालं, व्यवहार ठरायला आला, की एजंटच्या समोर तिला एक विचारा. भांडल्यासारखं नाही हं, अगदी साध्या आवाजात. म्हणा, आमचे वडील इथे राहणार आहेत. ते दिवसभर खिडकीत बसतात, खुर्ची ओढतात, रात्री खोकतात, आणि त्यांना पडदे उघडे लागतात. अशा माणसाला हे घर कसं मानवेल हो? तुमच्याकडे होतं का असं कुणी? एवढंच. आणि मग गप्प बसा. जशा आत्ता माझ्यासमोर गप्प बसलात ना, तशा. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. ती एजंटकडे बघेल, पडद्याकडे बघेल, पाणी आणते म्हणून आत जाईल. जाऊ द्या. ती बाहेर येईपर्यंत थांबा आणि परत विचारा.

मला? नाही, मला येऊन सांगू नका काय म्हणाली ते. खरं सांगते, मला नको. ती चुकलं म्हणाली तर मी उद्यापासून काय करू? आणि नाही म्हणाली तर — नकोच. तिला उत्तर द्यावं लागलं, त्या घरात उभं राहून द्यावं लागलं, एवढं मला पुरे.

आला बघा तो, हाशहुश करत. आता म्हणेल, ट्रॅफिक. उठा. माझं नाव काढू नका, बाकावर कुणी भेटलं होतं हेसुद्धा नको. आणि एकट्या जाऊ नका वर, त्यांना गाडीतून उतरवा आधी, लिफ्ट आहे, चढावं लागणार नाही. त्यांनाच पुढे करा. दार तीच उघडेल. तिच्या दारात पहिल्यांदा त्यांनाच उभं करा — जा ना. माझ्याकडे काय बघत बसलात? जा.